बंदराला जरा सावकाश

भर वैशाखात, सोलापुरात, घोंगडी पांघरून कुडकुडणारा माणूस मी एकच पाहिला. आमच्या सिनेमाच्या तंबूत पडद्यावर बर्फ दिसला की बिरूअण्णा शेजारी ठेवलेली घोंगडी डोक्यावरून घ्यायचे. भोवतीचे लोक घामानं निथळत असायचे. बर्फ जाऊन वाळवंट आलं की घोंगडी खाली आणि पटक्याच्या शेवानं वारा घेणं सुरू. धबधबा आला तर भिजू नयेत म्हणून चपला उचलून मांडीवर!

बोलपट अजून यायचे होते. मी त्या तंबूत पेटी वाजवायचो, साथीला एक तबलजी. मुख्य खेळाआधी ‘जगाचे देखावे’ दाखवत. त्यात गोष्ट नाही, नट नाही, एक अक्षर नाही. नुसते डोंगर, समुद्र, परमुलखातले बाजार आणि माझी पेटी. लोक तेवढ्यात शेंगा आणायला बाहेर जात. अण्णा मात्र तेवढ्यासाठीच येत आणि गोष्ट सुरू झाली की उठून जात.

“अहो अण्णा, खरा खेळ तर आता आहे,” मी एकदा म्हटलं.

“ह्यो कुटला खरा? गोष्ट कोन तरी रचल्याली असती. ती मानसं पगारी. ही बघा की, आपापल्या कामाला निघाल्याली.”

त्या कामाला निघालेल्यांशी अण्णांचा घरोबा होता. चिनी कोळ्याला ते “राम राम! गावलं का काय?” असं विचारत. उंटवाल्याला दटावत, “आदी जनावराला पानी दाव.” अण्णा मूळचे सांगोल्याकडचे धनगर, आता सोलापुरात घोंगड्या विकत. एकदा पडद्यावर मेंढरं आली. अण्णांनी जिभेनं टकटक करून अशी हाळी दिली की तंबू दचकला. नेमकी तेव्हाच मेंढरं वळली! “ऐकत्यात की,” असं म्हणून त्यांनी ज्या अभिमानानं सगळीकडे पाहिलं, तसं मला कधी माझ्या वाजवण्याबद्दल पाहता आलं नाही.

माझ्या वाजवण्याचं काय सांगू? लोकांना आपला चेहरा दिसावा म्हणून मी पडद्याकडे पाठ करून बसायचो. त्यामुळे एका परदेशी प्रेतयात्रेला मी झकास लावणी वाजवली. बर्फावर मल्हार आळवला, तेव्हा अण्णा घोंगडीतून ओरडले, “मास्तर, ह्यात थंडी न्हाय की!”

अशा माणसानं एके दिवशी नवीकोरी काळी घोंगडी माझ्या मांडीवर ठेवली.

“ही तुमाला. पर त्या बंदराला जरा सावकाश वाजवा.”

बंदराचा देखावा म्हणजे माझ्या बोटांची कसरत. तिथं मी पेटी अशी पळवायचो की दुसरं काही ऐकू येत नसे आणि यंत्रवाले गफूरभाई घामाघूम होत. ते यंत्र हातानं फिरवत, माझ्या लयीवर. मी धावलो की बोटी धावत, हमाल धावत. अण्णांना विलंबिताची गोडी लागली, असं समजून मी छाती फुगवून घरी गेलो.

“वैशाखात घोंगडं?” बायको म्हणाली. “थंडी तुम्हाला वाजते का पेटीला?”

दुसऱ्या दिवशी त्या देखाव्यांचा शेवटचा खेळ होता. मग फिल्मांचा पेटारा बार्शीला जाणार. बंदर आलं आणि मी लय उतरवली ती इतकी उतरवली की मलाच जांभई आली. वरून गफूरभाई खेकसले, “क्या मास्तर, सो गए क्या? इतना धीरे घुमाया तो फिलम जलती ना!” लोकांनी शिट्ट्या मारल्या. मी हट्टानं आणखी सावकाश झालो. माझा रसिक आहे ना समोर!

माझा रसिक जागेवर नव्हता. तो थेट पडद्याशी येऊन उभा होता. मी पहिल्यांदाच मान वळवून बंदर पाहिलं. पाठीवर पोतं घेतलेला एक हमाल आमच्याकडे पाठ करून बोटीकडे चालला होता. लयीमुळे पाऊल उचलायला त्याला युग लागत होतं.

“सिदा!” अण्णांनी हाक मारली. “ए सिदा!”

हमाल चालत राहिला आणि पडद्याच्या कडेनं दिसेनासा झाला. गोष्ट सुरू झाली. अण्णा उठून जायचे, तसे गेले. पेटी तबलजीच्या भरवशावर टाकून मी मागोमाग बाहेर आलो.

“ल्योक माजा,” अण्णा म्हणाले. “लढाईच्या टायमाला खेचरं घिऊन बोटीनं गेला. सायेब म्हनला, मेल्याचं कळलं न्हाय, जित्ता हाय त्येबी कळलं न्हाय. पाठ त्येचीच हाय, मास्तर. मी वळखतो की. रोज हाक मारतो, पर तुमी लई पळवत हुता त्येला.”

चित्रातला माणूस आहे तो, वळायचा नाही, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. आयुष्यात तोंडावर माझा ताबा राहिला तो एवढ्याच वेळी.

“अण्णा,” मी म्हटलं, “अजून थोडं सावकाश वाजवायला हवं होतं मी.”

अण्णांनी माझ्याच पाठीवर हात ठेवला.

“तुमी झ्याक वाजवलं की. त्येनं आयकलं बी असंल. पर पाठीवर एवडं पोतं हाय, मास्तर. वळंल कसा?”