कॅम्पसवर ओळख नाही

"हे बघ बाबा, फाटकातून आत गेलं की तू मला ओळखत नाहीस," मुलीने बुटाची नाडी बांधता बांधता बजावलं. "हाक मारायची नाही. हसायचं नाही. जेवलीस का म्हणून विचारायचं नाही."

"आणि समोरासमोर आलो तर?"

"अनोळखी माणूस समोर आला तर आपण काय करतो?"

"बाजूला होतो."

"मग तेच करायचं."

विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलांना इमारती दाखवायच्या, नियम समजावायचे आणि घरच्या आठवणीने ज्यांचा चेहरा पडला असेल त्यांना धीर द्यायचा, हा बाबांचा पोटापाण्याचा उद्योग होता. हुद्दा 'नवागत विद्यार्थी समुपदेशक' असा भारदस्त होता. परक्यांच्या मुलांची समजूत काढण्यात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. स्वतःच्या मुलीपुढे मात्र त्यांची डाळ कधीच शिजली नाही.

या खेपेला तिचं म्हणणं खोटंही नव्हतं. तिची आई मुख्याध्यापिका, आणि आईच्याच शाळेत ती पहिलीपासून शिकली. दंगा केला तर 'बाईंची मुलगी असून!' आणि नंबर आला तर 'बाईंचीच मुलगी ती!' बिचारीला स्वतःचं असं काही करताच आलं नाही. आता इथे येऊन 'सरांची मुलगी' व्हायचं तिने साफ नाकारलं होतं. बाबांना ते मनापासून पटलं होतं. त्यांनी शब्द दिला होता, आणि काही झालं तरी तो मोडायचा नाही असं ठरवलं होतं.

माशी शिंकली ती गटवाटपात. संगणकाने नव्या मुलांचे गट पाडले आणि मुलगी नेमकी बाबांच्याच गटात येऊन पडली. ते धावतपळत कारकुनाकडे गेले.

"एक मुलगी दुसऱ्या गटात टाकता येईल का हो?"

"येईल की. कारण काय लिहू?"

कारण सांगायचं तर शब्द मोडत होता. "राहू द्या, सहज विचारलं," असं म्हणून ते परत फिरले. कारकून मात्र त्यांच्या पाठीकडे बराच वेळ बघत होता.

ओळखपरेड सुरू झाली. छातीवरच्या बिल्ल्यांवर नुसती पहिली नावं होती, ही एक देवाची कृपा. मुलीची पाळी आली तेव्हा बाबांनी घसा खाकरला आणि जन्मात पहिल्यांदा तिला अहोजाहो केलं.

"हं, आणि तुम्ही? कुठून आलात?"

"घरून," मुलगी म्हणाली.

सगळे हसले. बाबाही हसले, मग हसायचं नाही हे आठवून एकदम गंभीर झाले. शेजारच्या उंच मुलाने भुवया उंचावल्या. बाबांनी घाईघाईने नेहमीचं भाषण सुरू केलं. फोन बंद ठेवा. वर्गात झोपू नका. आणि सगळ्यात महत्त्वाचं, "इथे कुणीही, अगदी मीसुद्धा, काही वावगं करताना दिसलो तर गप्प बसायचं नाही. उभं राहायचं आणि मोठ्याने बोलायचं!" हे वाक्य त्यांचं फार आवडतं होतं. मुलांनी माना डोलावल्या आणि आपापले फोन बंद केले.

तेवढ्यात बाबांचाच फोन थरथरला. ते व्हरांड्यात गेले. पलीकडे मुख्याध्यापिका होत्या.

"अहो, तिची अ‍ॅलर्जीची गोळी टेबलावरच राहिली होती. मी तुमच्या बॅगेत टाकलीये, बाहेरच्या कप्प्यात. तुम्ही शेवटी त्या बागेत नेता ना सगळ्यांना? फुलांजवळ गेली की चेहऱ्याचा भोपळा होतो तिच्या. आधी गोळी द्या."

"अगं, पण कशी देऊ? ती मला ओळखत नाही."

"काय?"

"म्हणजे मी तिला ओळखत नाही. आमचं ठरलंय तसं."

"अहो, जन्मल्यापासून ओळखता तुम्ही तिला! गुपचूप द्या आणि मला कळवा. माझा तास आहे." फोन बंद झाला.

बाबांनी मुलीला संदेश पाठवला. तो पोचलाच नाही, कारण फोन बंद ठेवायची ताकीद त्यांनीच दिली होती आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिने त्यांचं ऐकलं होतं. मग ते आत गेले आणि सगळ्यांना उद्देशून म्हणाले, "पुढे आपण बागेत जाणार आहोत. कुणाला फुलांची अ‍ॅलर्जी? संकोच नको. हात वर करा."

एकही हात वर आला नाही. मुलीने त्यांच्याकडे असं काही पाहिलं की त्यांनी पुन्हा विचारायचं धाडस केलं नाही. तिला वाटलं, बाबा ओळख काढायला बघतोय. आणि बाबांना दिसत होता भोपळा.

"मग असं करू, बाग राहू दे," ते म्हणाले. "आज बंद आहे."

"बंद?" दारातून आवाज आला. त्यांच्या विभागाच्या संचालिका उभ्या होत्या. या मॅडम वर्षातून एकदाच पाहणीला येत आणि नेमक्या नको तेव्हा येत. "मी आत्ता तिथूनच आले. छान फुललीये. चला, मीही येते तुमच्याबरोबर."

बाबांच्या कपाळावर घाम आला. बागेच्या अलीकडे फक्त एक सभागृह होतं, म्हणजे हातात होता तो तेवढाच वेळ. तिथे त्यांनी सगळ्यांना खुर्च्यांवर बसवलं. मुलीने आपली बॅग खुर्चीमागे टेकवून ठेवली. ती पाहताच बाबांना मार्ग सुचला.

"आता एक खेळ. सगळ्यांनी डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडायचे नाहीत. नुसते आवाज ऐकायचे आणि ज्याला जो ऐकू येईल त्याने तो सांगायचा."

मुलांनी डोळे मिटले. मॅडमनीही हौसेने मिटले. बाबा गोळ्यांची पट्टी मुठीत धरून चवड्यांवर निघाले.

"पंखा," एक जण म्हणाला.

"पक्षी," दुसरी म्हणाली.

"कुणाचा तरी बूट कुरकुरतोय."

बाबा जागच्या जागी थिजले. मग श्वास रोखून पुढे सरकले, वाकले आणि बॅगेची चेन हळूच ओढली. हळू ओढलेली चेन जास्तच आवाज करते, हे त्यांना तेव्हा कळलं.

"बॅगेची चेन," तीन-चार आवाज एकदम आले. उंच मुलगा पुढे म्हणाला, "माझ्या अगदी मागे." आणि त्याने डोळे उघडून मागे पाहिलं.

"सर! तुम्ही हिच्या बॅगेत काय करताय?"

सगळे डोळे एकदम उघडले. बाबांचा एक हात मनगटापर्यंत बॅगेत होता. शिकवल्याप्रमाणे उंच मुलगा उभा राहिला. त्याचं पाहून आखूड केसांची एक मुलगी उभी राहिली. मग सगळा गटच उभा राहिला. इतका एकजुटीने उठलेला गट बाबांनी आजवरच्या नोकरीत पाहिला नव्हता, आणि तो त्यांच्यावरच उठला होता.

"हातात काय आहे?" मॅडमनी विचारलं.

बाबांनी मूठ उघडली. गोळ्या पाहून सभागृहात कुजबुज झाली.

"या कशाच्या गोळ्या?"

"अ‍ॅलर्जीच्या. यांच्यासाठी."

"यांना अ‍ॅलर्जी आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"यांच्या... यांच्या नाकावरून वाटलं."

मॅडम मुलीकडे वळल्या. "तू यांना ओळखतेस का, बाळ?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. एक शब्द बोलली असती तर ते सुटले असते. मुलीचे कान लाल झाले होते. तिने खाली पाहिलं, मग भोवती उभ्या असलेल्या, तिच्यासाठी उभ्या राहिलेल्या सगळ्यांकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

राग येण्याऐवजी बाबांना तिची दयाच आली. पहिल्याच दिवशी तिला माणसं मिळाली होती, आणि ती सगळी तिच्या बापाविरुद्ध मिळाली होती.

"तुम्ही ओळखता का हिला?" मॅडमचा आवाज चढला. "सकाळी कुठल्याशा मुलीला गटातून काढा म्हणून तुम्ही सांगायला गेला होतात, असं कारकून म्हणत होता. ती हीच ना? नीट उत्तर द्या. नाहीतर मला चौकशी लावावी लागेल, आणि तोवर तुम्हाला घरी बसावं लागेल."

नोकरी एका बाजूला आणि शब्द दुसऱ्या बाजूला. बाबांनी शब्दाची बाजू धरली. "नाही, मॅडम. मी यांना ओळखत नाही."

मॅडमनी सुस्कारा टाकला आणि फोन काढला. तेवढ्यात आखूड केसांची मुलगी म्हणाली, "मॅडम, चौकशीबिवकशी नंतर. आधी सरांनी तिची माफी मागावी. सगळ्यांसमोर."

"हो, माफी!" सगळे म्हणाले.

बाबा मुलीसमोर जाऊन उभे राहिले. आजवर त्यांनी तिची कधी माफी मागितली नव्हती. घरात ती पद्धतच नव्हती. त्यांनी हात जोडले, आणि काय झालं कुणास ठाऊक, जे बोलायचं ते खरंच आतून आलं.

"तुम्हाला न विचारता मी तुमच्या बॅगेला हात लावला. तुमच्या भल्यासाठी असला तरी लावायला नको होता. वस्तू तुमची, निर्णयही तुमचा. चुकलं माझं."

मुलगी त्यांच्याकडे टक लावून पाहत राहिली. हे वाक्य ऐकायला ती किती वर्षं थांबली होती, तिचं तिलाच माहीत.

"आणि कपाटाला?" ती म्हणाली.

"कपाट?" मॅडमनी विचारलं.

पण मुलगी आता कुणाच्या बापाला ऐकणार नव्हती, स्वतःच्या तर नाहीच. "मी नसताना माझं कपाट लावून ठेवतोस, त्याचं काय? परवा माझा फोन उचलून 'ती आंघोळीला गेलीये' म्हणून सांगितलंस, त्याचं काय? पहिल्यांदाच फोन आला होता त्या मैत्रिणीचा, बाबा!"

"अगं बबडे, तो फोन सारखा वाजत होता म्हणून मी..." बाबा बोलून गेले आणि त्यांनी तोंडावर हात ठेवला.

मॅडमनी फोन पर्समध्ये टाकला आणि त्या खुर्चीवर बसल्या. मुलगी डोळे मिटून उभी होती. आता 'सरांची मुलगी' हे शब्द कुठून येतात, याची ती वाट पाहत होती.

"माझी आईपण फोन उचलते," आखूड केसांची मुलगी म्हणाली.

"माझे बाबा माझ्या मित्रांना पत्ता विचारतात," मागून कुणी तरी म्हणालं. "घराचा नाही, वडिलांच्या ऑफिसचा!"

मग जो तो बोलू लागला. बबडीच्या भोवती कोंडाळं जमलं, कारण आईबापाला सगळ्यांदेखत माफी मागायला लावणारी मुलगी त्यांच्यापैकी कुणीच आजवर पाहिली नव्हती. उंच मुलाने बाबांच्या समोर आपला फोन धरला.

"सर, माझ्या बाबांना लावलाय. तुम्ही आत्ता जे म्हणालात ना, तेच त्यांना जरा समजावून सांगा. माझं ऐकत नाहीत."

पलीकडून जाड आवाज आला, "कोण बोलतंय?"

बाबांनी मुलीकडे पाहिलं. ती मैत्रिणींच्या गराड्यात काही तरी रंगवून सांगत होती आणि तिचं इकडे लक्षही नव्हतं.

"नमस्कार," ते म्हणाले. "मी बबडीचा बाबा बोलतोय."

दुसऱ्या दिवशी ते आपल्या खोलीत फायली चाळत बसले होते. व्हरांड्यात दोन नवी मुलं शिपायाला विचारत होती, "ते बबडीचे बाबा कुठे बसतात हो?" शिपायाने न गोंधळता त्यांच्या दाराकडे बोट दाखवलं.