तनयाच्या चालण्याचा ग्रुप

मोबाईलवर एक ग्रुप काढला की जगातला कुठलाही प्रश्न सुटतो, असं माझं ठाम मत होतं!

शाळेच्या तपासणीत आमच्या तनयाचं वजन जास्त निघालं. वर्गातल्या मुली हसल्या. तेव्हापासून चौदा वर्षांची माझी पोर शाळेतून आली की जी खोलीत शिरायची, ती जेवायलाच बाहेर यायची. माझा जीव तुटायचा. तिला उंबऱ्याबाहेर काढायचंच, असं मी ठरवलं.

आमच्या पार्से गावातले सगळे नातेवाईक ग्रुपवर घेतले. नियम सोपा! तनयाने रोज संध्याकाळी एकाच्या घरी चालत जायचं, आणि त्यांनी पुरावा म्हणून तिचा फोटो टाकायचा. पावलं फोन मोजणार. नाक मुरडत का होईना, पोर निघाली.

महिनाभर रोज सहा हजार पावलं! मी छाती फुगवून तिला काट्यावर उभं केलं. दोन किलो वाढली होती!

"पपा, चलून वजन वाडटा?" तिचे डोळे भरले.

मी आजवर फक्त पावलांचा आकडा बघत होतो. आता फोटो मोठे करून पाहिले. प्रत्येक फोटोत तिच्यापुढे बशी! विमलावयनीकडे गुळखोबऱ्याच्या पातोळ्या, सुशीलाकाकीकडे उसळ-पावासारखे तोणाक-उंडे, आणि माझ्या सख्ख्या बहिणीकडे, चंद्रावतीकडे, अख्खा रव्याचा केक, धोणस!

मी बहिणीला फोन लावला. "ताये, तिका खावंक घालूं नाका गो!"

"खुळो काय रे तूं? दारात आयिल्ल्या चेडवाक रिकाम्या तोंडान धाडूं? आनी खावंक घालूं नाका म्हूण तुवें ग्रुपार खंय बरयलां?"

लगेच लिहिलं. तेव्हा विमलावयनीने ग्रुपवर टाकलं, "खावंक ना, तर पावोवंक तरी येतां!"

पाहुण्याला वळणापर्यंत पोचवायची आमची रीत. पण गप्पा-गजाली वळणापाशी थोड्याच संपतात? वयनी तनयासोबत काकीच्या घरापर्यंत गेली, काकी पुढे तायेच्या. आठवड्यात पाच बायका आणि तनयाच्या दोन चुलतबहिणी चालायला लागल्या! तनया त्यांना फोनवर पावलं कशी बघायची ते शिकवायची. एकदा तिचं खदखदून हसणं मला रस्त्यापलीकडून ऐकू आलं. खरं सांगतो, मला रडू आलं. काटाही आता हळूहळू उतरतोय.

परवा मीही रुबाबात त्यांच्यात सामील झालो. थोड्या वेळाने ग्रुपवर फोटो आला. पुढे तनया, मागे सगळ्या बायका, आणि पार मागे रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर बसून धापा टाकणारा मी! खाली तनयाने लिहिलं होतं:

"पपा बसले! कोणें तरी स्कूटर घेवन येयात!"

तीन स्कूटरी आल्या. मी निमूटपणे पहिलीवर बसलो.