मारोतीमामांची रिपीटर बॅच

मारोतीमामा रोज पांढऱ्या उंदरांची हजेरी घेत. लातुरात आमच्या फार्मसी कॉलेजच्या प्राणीघरात ते परिचर होते. प्रत्येक उंदराच्या शेपटीवर नंबर असे, पण नंबराने काय हाक मारायची, असं मामांचं म्हणणं. त्यामुळे चार नंबर म्हणजे बाळू आणि नऊ नंबर म्हणजे सरपंच. सरपंच सहसा जागचा हलत नसे.

मी तेव्हा पीएचडी करत होतो. हौदातल्या गढूळ पाण्याखाली लपवलेला पाट पोहत जाऊन शोधायला उंदरांना शिकवायचं, मग विसर पाडणारं इंजेक्शन द्यायचं. त्यानंतर अर्ध्यांना माझं औषध, अर्ध्यांना नुसतं पाणी. औषधवाल्यांना पाट आठवला आणि पाणीवाले गोल गोल फिरत राहिले, की मी डॉक्टर झालोच.

घडलं भलतंच. पाणीवालेही सरळ जाऊन पाटावर बसू लागले. त्यात सरपंच सगळ्यांच्या आधी. दोन महिने मी औषध पुन्हा पुन्हा तपासलं. शेवटी गाईड मॅडमनी तोंडावर सांगितलं, तुझ्या औषधात काही दम नाही, विषय बदल. तीन वर्षांची मेहनत होती ती.

एकदा सकाळी लवकर गेलो, तर मामा बाह्या सरसावून हौदापाशी उभे. चाचणीआधी पाणीवाल्या उंदरांना एकेक करून पाटाची वाट दाखवत होते. "हे नापास व्हायलेत सर, म्हून रिपीटर बॅच लावली," म्हणाले. गल्लोगल्ली क्लास असलेल्या गावातल्या माणसाला दुसरं काय सुचणार? पण माझं डोकंच फिरलं. काय काय बोललो, त्याची आजही लाज वाटते.

मामांनी सगळं ऐकून घेतलं. मग हात पुसत म्हणाले, "चुकलंच माझं. पर ज्यांला औषध न्हाई त्यांला कुणीतरी शिकवावं लागतंय, सर. घरी मी तेच करायलोय."

त्यांची बायको, सुमनमावशी, दोन वर्षांपासून सगळं विसरत चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मामा रोज उठल्यावर तिला हाताला धरून घर दाखवत. हे स्वयंपाकघर, ही मोरी, हा मी. कॉलेजात त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. मला त्या सकाळी हौदापाशी पहिल्यांदा सांगितलं.

प्रयोग नव्याने करू, पण ही शिकवणी बंद करा, असं मी हळूच म्हणालो. मामांनी लगेच मान डोलावली.

"उंदरांची बंद करतो," म्हणाले. "घरची न्हाई होणार, सर. काल दुपारपर्यंत माझं नाव ध्यानात होतं तिच्या."