पटल्यांचा बोर्ड पहिला

कापगते सरांच्या लॅबमध्ये शिरण्याआधी दाराजवळच्या लोखंडी नळाला हात लावावा लागतो. प्राचार्य असोत की झाडूवाली बाई, सुटका नाही. "अंगातली वीज बाहेर ठिवून या. माझ्या बोर्डायले चटका बसते." एकदा संस्थेचे सचिव तरातरा आत घुसले, तर सरांनी त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं आणि नळ धरायला लावला. मी तोंडाला पदर लावून हसून घेतलं.

आमचं तंत्रनिकेतन गोंदियापासून आत, धानाच्या बांध्यांमध्ये, म्हणजे भातखाचरांत. मी तिथे गणित शिकवते. शिकायला आता फारसं कोणी येत नाही, हा भाग वेगळा. सरांच्या लॅबमध्ये धानगिरणीचा एक छोटा नमुना आहे. पट्टा, चाळणी, पंखा, कोंडा ओढणारं नळकांडं, प्रत्येकाला आपापली मोटर. प्रत्येक मोटर चालवायला एकेक बोर्ड, आणि ते सगळे बोर्ड एकाच लोखंडी क्रेटमध्ये, कप्प्याकप्प्यांत उभे. वीज सगळ्यांना एकाच तारेतून, त्यामुळे एक बिघडला की सगळेच ठप्प. सर त्या क्रेटला 'घर' म्हणतात.

सरांच्या वाडवडिलांनी गावचा तलाव बांधलेला. त्यामुळे कुठलाही बिघाड त्यांना अडलेल्या पाण्यासारखाच दिसतो. पोरगा नापास झाला, बस आली नाही, माझं बीपी वाढलं, सरांचं एकच. "पाणी कोठं अडून राहिलं ते पाहा."

यंदा दिवाळीनंतर त्यांचंच पाणी अडलं. बटण दाबलं तर एकही मोटर हलेना. सचिवांना तेवढंच हवं होतं. शनिवारी तपासणीची माणसं येणार, गिरणी फिरली नाही तर लॅबला कुलूप आणि सामान भंगारात, असं त्यांनी तोंडावर सांगितलं. सर करारावरचे. लॅब गेली की तेही घरी.

सर कामाला लागले. त्यांची रीत ठरलेली. सगळे बोर्ड बाहेर काढायचे, पहिल्या कप्प्यात पटल्यांचा बोर्ड बसवायचा आणि मग बाकीच्यांतला एकेक त्याच्या शेजारी लावून पाहायचा. पटले म्हणजे सरांचे जोडीदार. दोघांनी मिळून ही गिरणी उभी केली, दोघं एकाच डब्यात जेवायचे. मागच्या वर्षी तापाचं निमित्त झालं आणि पटले गेले. तो बोर्ड त्यांनी स्वतःच्या हातानं जोडलेला.

पंख्याचा बोर्ड लावला, गिरणी ठप्प. "कामचोर आहे साला!" चाळणीचा लावला, ठप्प. "हा तं पयलेपासूनच बदमाश." पट्ट्याच्या बोर्डाला ब्रशनं घासलं, कथलाचे नवे टाके दिले, खिडकीत उन्हाला ठेवलं. पुन्हा ठप्प. गुरुवारपर्यंत घरातला प्रत्येक जण गुन्हेगार ठरून झाला होता, आणि सरांच्या डोळ्यांखाली काळं आलं होतं.

शेवटी मला राहवेना. "सर, मला यातलं काही कळत नाही. पण दर वेळी सोबतीला एकच बोर्ड आहे. तोच काढून पाहा ना."

"कायले?" सर असे भडकले की मी दोन पावलं मागे सरले. "तुमी गणित शिकवा ना बाई! त्याच्यावर शक घ्याचा नाही."

"काऊन नाही घ्यायचा? नोकरी जाऊन राहिली तुमची!"

त्यांनी पाठ फिरवली. शुक्रवारी चहाही भिंतीकडे तोंड करून प्यायले. मला त्यांचा राग आला होता आणि तितकीच दयाही.

शनिवारी सकाळी गेले तर सर क्रेटसमोर मांडीवर हात ठेवून बसलेले.

"तुमचं बरोबर हाय, मॅडम. मले पयल्याच दिवशी समजलं होतं."

त्यांनी पटल्यांचा बोर्ड हळूच ओढून काढला आणि बाकीचे जागच्या जागी बसवले. बटण दाबलं. पट्टा सरकला, चाळणी हलली, पंखा घरघरला, धान उड्या मारायला लागलं. फक्त कोंड्याची मोटर गप्प होती, ती पटल्यांच्या बोर्डावरची. मी टाळ्याच वाजवल्या. "वाचलो सर! अहो, वाचली लॅब!"

सर गिरणीकडे पाहतच नव्हते.

"पटल्या गेला तवा वाटलं, आता गिरणी काही चालत नाही. तरी वर्षभर चाललीच. मंग दिवाळीले बंद पडली, तं खरं सांगतो बाई, बरं वाटलं मले." त्यांनी बोर्डावरची धूळ बोटानं पुसली. "आता पाहा. त्याच्याबिना कशी मस्त चालून राहिली."

फाटकाशी गाडी थांबली. सरांनी बोर्ड शर्टाच्या आत घातला, "तुमीच दाखवा त्यायले" म्हणाले आणि मागच्या दारानं बांध्यांकडे निघून गेले.

मीच दाखवलं. साहेब लोकांनी गिरणीचं तोंडभरून कौतुक केलं, सचिवांनी ते स्वतःकडे घेतलं. लॅब राहिली. थांबलेल्या मोटरीबद्दल कोणी विचारलंसुद्धा नाही.