सासूबाईंचं सिम आणि सात अंडी

आग्बेको तसा सरळ माणूस. लबाडी करायची हौस त्याला होती, पण ती त्याला झेपत नसे. तरीही त्या शुक्रवारी सकाळी त्याने सासूबाईंच्या फोनमधलं दुसरं सिम कार्ड हळूच काढलं आणि खिशात टाकलं.

मोबाईल कंपन्या कबूल केलेली रेंज खरोखर देतात का, हे तपासणाऱ्या सरकारी कार्यालयात तो निरीक्षक होता. गाडीत दोन फोन ठेवून घानातल्या क्पांडो गावाच्या आसपासचे रस्ते पालथे घालायचे, एवढंच काम. पहिला फोन दुसऱ्याला लावायचा. दुसरा आपोआप उचलायचा आणि त्यातून एका बाईंचा रेकॉर्ड केलेला आवाज स्वच्छ इवे भाषेत बोलायचा, "होडी किनाऱ्याला लागली आहे. टोपलीत सात अंडी आहेत. खुर्ची पुन्हा जागेवर ठेवा." फोन बंद होईपर्यंत हीच तीन वाक्यं. आवाज नीट पोचला की टॉवर पास. वाक्यांना अर्थ नव्हता. (अर्थ साहेबांच्या भाषणांनाही नसे, पण ती निदान यंत्रात भरत नसत.)

नेमकं दुसऱ्या फोनचं सिम बंद पडलं. नव्या सिमचा अर्ज राजधानीला, अक्राला जाऊन परत यायला तीन आठवडे, आणि अहवाल तर सोमवारी द्यायचा. सासूबाईंचं दुसरं सिम त्याच कंपनीचं होतं आणि वर्षभरात एकदाही वाजलं नव्हतं. संध्याकाळी गुपचूप परत घालू, कोणाला कळतंय, असं आग्बेकोने ठरवलं.

संध्याकाळी तो घरी आला तेव्हा अंगणात सुतक पडल्यासारखी शांतता होती. मक्याच्या पिठाचे, आक्प्लेचे गोळे ताटात गार झाले होते. धाकटी मेव्हणी सेलासी भिंतीकडे तोंड करून मुसमुसत होती.

"काय झालं?"

"काय व्हायचं राहिलंय?" त्याची बायको जिग्बोर्दी कडाडली. (तिच्या नावाचा अर्थ 'धीर'. नाव ठेवताना आईवडिलांनी जरा घाईच केली होती.) "एलिकेमच्या घरचे आज फोन करणार होते. उद्या दार ठोठावायला येऊ का, म्हणून विचारायला. दिवसभरात एक फोन नाही!"

दार ठोठावायला येणं म्हणजे मुलीला रीतसर मागणी घालणं. तेच हुकलं की सगळंच मुसळ केरात.

"मग आपणच करू या की फोन," आग्बेको म्हणाला.

"मुलीकडच्यांनी करायचा?" सासूबाई अफीवा गरजल्या. बाजारात धुरवलेले मासे विकून त्यांचा आवाज चांगलाच कमावलेला होता. "जावई, तुमच्या कचेरीत अक्कलसुद्धा अक्राहून मागवावी लागते काय? मागच्या खेपेला त्यांचा तो म्हातारा काका न विचारता माझ्या खुर्चीत बसला आणि जाताना ती उन्हात टाकून गेला, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण पोरीचा जीव जडलाय त्या पोरावर, म्हणून गप्प बसले."

"आणि त्यांना नंबर कुठला दिलाय?"

"दुसरा. त्यांच्या गावात तेवढ्याच कंपनीची रेंज येते."

आग्बेकोने हातातला आक्प्लेचा गोळा ताटात परत ठेवला. हात धुवायच्या निमित्ताने तो न्हाणीमागे गेला आणि त्याने चाचणीच्या दुसऱ्या फोनमधली नोंद उघडली. एकाच अनोळखी नंबरावरून अकरा फोन! पहिला अर्धा मिनिट, शेवटचा सहा मिनिटं. प्रत्येकापुढे यंत्राने शेरा मारला होता: 'आवाज उत्तम.'

सेलासीच्या लग्नाचं आपण वाटोळं केलं, हे त्याला लख्ख कळलं. भोळी, हसरी पोर, थोरल्या बहिणीसारखी एकदाही त्याच्यावर ओरडली नव्हती. सांगून टाकावं असं त्याला फार वाटलं. पण दारात जिग्बोर्दी उभी होती आणि तिच्या हातात उलथनं होतं. त्याने सिम जागच्या जागी घातलं आणि तोंड शिवून घेतलं.

शनिवारी सकाळी नऊ वाजता फाटकावर आत येऊ का विचारणारी हाक आली. "आगो!"

"आमे!" सासूबाई दचकून ओरडल्या. हाकेला रीतीची ओ देऊन होते न होते तोच आठ माणसं आत आली. सात जणांच्या हातात मागणीच्या रीतीची श्नॅप्स दारूची एकेक बाटली आणि आठव्याच्या डोक्यावर नवीकोरी, कोरीव कामाची खुर्ची.

वडीलधारे अशा वेळी स्वतः तोंड उघडत नाहीत, त्यांच्या वतीने त्सियामे बोलतो. त्यांचा त्सियामे डोत्से म्हातारा काठी टेकत पुढे झाला.

"बाई, साठ वर्षं मी लोकांचं तोंड होऊन बोलतोय, पण काल तुमच्या त्सियामेबाईंनी मला गार केलं. मी विचारलं, उद्या येऊ का? तर म्हणाल्या, होडी किनाऱ्याला लागली आहे. म्हणजे मुलीकडची तयारी झाली. बरोबर?"

सासूबाईंनी पापणीसुद्धा हलवली नाही. बाजारात मुरलेली बाई ती. फायद्याचा सौदा चालला असताना मध्ये बोलायचं नसतं, एवढं तिला कळत होतं.

"मग म्हणाल्या, टोपलीत सात अंडी. आम्ही दोन बाटल्या आणणार होतो. हिशेब चुकला असेल म्हणून पुन्हा फोन केला, तरी सातच! अकरा वेळा घासाघीस केली, पण त्या एका अंड्यानेसुद्धा खाली आल्या नाहीत."

"ती तशीच आहे," सासूबाई शांतपणे म्हणाल्या.

"आणि शेवटी," डोत्सेचा आवाज खाली आला, "खुर्ची पुन्हा जागेवर ठेवा. तेव्हा आमचे हे मोठे काका उठले आणि रडले. म्हणाले, मी त्यांच्या खुर्चीत बसलो, चुकलं माझं. ही घ्या, रातोरात धावपळ करून त्यांनीच आणली."

काकांनी मान खाली घातली. सासूबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं आणि पुढच्या घटकेत सेलासीचं ठरूनसुद्धा गेलं. पोर हसत होती आणि रडत होती. आग्बेकोला इतकं हलकं वाटलं की त्याने न सांगता सगळ्यांना पाम वाइन ओतली.

"पण त्या बाई कुठायत?" डोत्सेने विचारलं. "पाया पडायचंय."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"त्या… सरकारी कामावर असतात," आग्बेको म्हणाला. "गाडीतून फिरतीवर."

"वाटलंच. हुशार बाई!"

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी नव्या खुर्चीत ठाण मांडलं आणि जावयाला समोर उभं केलं.

"बोला."

आग्बेको बोलला. सिम, यंत्र, अक्रा, सगळं.

"मंगळवारी लग्नाच्या यादीची बोलणी आहेत," सासूबाई म्हणाल्या. "ते फोन करतील. सिम परत यंत्रात घाला."

"आई, पण ते तीच तीन वाक्यं बोलतं!"

"पुरेशी आहेत. तुम्ही नऊ वर्षं या घरात बोलताय, त्यातली तीन तरी कुणाच्या कामी आली का?" त्या उठून घरात निघाल्या आणि उंबऱ्यावरून वळल्या. "आणि जावई…"

"काय, आई?"

"खुर्ची जागेवर ठेवा."

आग्बेकोने मुकाट्याने खुर्ची उचलली.