दोन ओळींनंतर बेपत्ता

"बिदरपासून कलबुर्गीपर्यंत माझ्या नजरेतून एक बग सुटला न्हाई. संगणक मला बघूनच कबुली देतोय!" स्वतःची ही ओळख व्यंकट अण्णा प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवायचे. चिटगुप्प्यातल्या त्यांच्या दुरुस्तीच्या दुकानावर 'संगणक गुप्तहेर' अशी पाटी होती. अण्णा गुन्ह्याचा शोध लावायचे आणि दीपमाला, त्यांची एकुलती एक असिस्टंट, संगणक दुरुस्त करायची.

आज मात्र केस खुद्द दीपमालाची होती. वर्षभर खपून तिनं एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम लिहिली होती. दुपारी बंगळूरूच्या एका कंपनीला ती व्हिडिओवर चालवून दाखवायची होती. चालली तर नोकरी. आणि सकाळपासून ती मेली चालूच होईना. तिचा कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, मेमरीत खालच्या पत्त्यावर जागा व्हायचा, वरच्या ऐसपैस पत्त्यावर बिऱ्हाड हलवायचा, पडद्यावर दोन ओळी लिहायचा आणि गप्प. पोरीला रडू यायचंच बाकी होतं.

"कर्नल मेला तवा शेजारची गिरणी चालू होती," अण्णा डोळे बारीक करून म्हणाले. "हा योगायोग न्हाई."

"अण्णा, गिरणी दिवसभर चालूच असतीय."

"म्हंजे गुन्हेगार दिवसभर मोकाट हाय!"

अण्णांनी जाऊन काशप्पाची गिरणी बंद करायला लावली. कर्नल तरीही दोन ओळींवरच मेला. ज्वारीचे डबे घेतलेल्या बायका तेवढ्या दुकानात शिरल्या आणि अण्णांचा उद्धार करून गेल्या. मग अण्णांना वाटलं, सामान हलवून कर्नल दमला असणार. त्यांनी संगणकासमोर कूलर लावला. सगळे कागद उडाले, कर्नल हलला नाही.

"आतल्याचंच काम हाय," अण्णा कुजबुजले. "त्या कोडला शेवटचा हात कुणाचा लागला?"

"माझाच की!"

"मग कबूल कर!"

दीपमाला कपाळावर हात मारणार, तेवढ्यात तिच्या आईचा, शोभाबाईंचा, फोन आला.

"दीपे, डबा घेऊन तुझ्या दुकानात उभी हाय. हितं एक माणूस गालाला फेस लावून बसलाय, कामून?"

दुकान गेल्या महिन्यात बसस्टँडवरून हुमनाबाद रोडला आलं होतं. जुन्या जागेत सलून निघालं, पण दोन ठिकाणी नाव दिसलं की धंदा मोठा वाटतो म्हणून अण्णांनी तिथली पाटी काढलीच नव्हती. लॅपटॉप घेऊन आलेली काही गिऱ्हाइकं तिथूनच दाढी करून परत जायची.

"आई, दुकान हलवलंय गं!"

"मग पाटी कामून हलवली न्हाई? माणसानं जायचं कुठं?"

दीपमालानं फोन तसाच टेबलावर टाकला. कर्नल नव्या जागी गेला होता, पण संगणकातल्या घड्याळाचा ठोका पडला की कुठं धावायचं, तो पत्ता जुन्या जागेचाच राहिला होता! पहिल्या ठोक्याला प्रोसेसर तिकडं धावायचा, तिथं कुणीच नसायचं, की बसला अडकून. तिनं तो पत्ता नव्या जागेचा केला आणि बटण दाबलं. तिसरी ओळ आली. चौथी आली. दीपमाला खुर्चीवर उभी राहून नाचली.

दुपारी सिस्टीम झकास चालली. ती सकाळपर्यंत अडून बसली होती हे ऐकून बंगळूरूवाल्यांनी विचारलं, "चूक कुणी शोधली?" ती म्हणाली, "आईनं." ते खो खो हसले, सगळी हकिकत ऐकली आणि तिथल्या तिथं नोकरी देऊन टाकली.

अण्णा रस्त्यावर धावले. "काशप्पा, केस सुटली! म्या सोडवली!" ओरडता ओरडता ते एकदम थांबले आणि हळूच आत आले.

"म्हंजे तू बंगळूरला जायलीस?"

"व्हय अण्णा."

"सकाळपासून एवढं डोकं चालवलं, ते तुलाच घालवायला व्हय गं?" अण्णा स्टुलावर बसले. त्यांना खरंच लई वाईट वाटत होतं. बराच वेळ त्यांनी मिशी कुरवाळली, दाराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "जा बाई, खुशाल जा. पर त्याआधी मला जरा शिकवून जा. मला ह्यातलं काहीच येत न्हाई."

दीपमालाला हसू आलं आणि डोळेही भरले. तिनं त्यांचं स्टूल संगणकासमोर ओढलं.

"बसा अण्णा. हे बघा, हे चालू करायचं बटण."