बाहावाले झाडेकाका

लग्नाचा अल्बम हातात घेतलेल्या माणसानं निदान नवरीकडे तरी बघावं. झाडेकाकांनी आमचा अख्खा अल्बम चाळला, शेवटचं पान मिटलं आणि म्हणाले, "हा खांब उमरेड रोडचा आहे."

"कोणता खांब?" मी विचारलं.

"मंडपाच्या मागचा. हे पाय, वरची पट्टी वाकडी आहे. बसवणारा घाईत होता."

आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला त्या इमारतीत नुकतेच राहायला आलो होतो. माझी बायको वैशाली चहाचा ट्रे घेऊन उभी होती. तिला वाटलं, वरच्या मजल्यावरचे काका मोठे विनोदी दिसतात. ती हसली. पुढच्या सहा वर्षांत ती पुन्हा काही हसली नाही.

नामदेवराव झाडे हे वीज खात्यातून निवृत्त झालेले. चौतीस वर्षं तारा ओढण्यात आणि खांब उभे करण्यात गेली, त्यातली शेवटची बारा खापरखेड्याला. आता माणूस निवृत्त झाला की बागेत फिरतो, नातवंडं खेळवतो, गुडघ्यांवर बोलतो. काका फोटो बघतात. फोटो कुणाचाही असो, त्यातली माणसं त्यांना दिसत नाहीत. त्यांना मागचं दिसतं. सावली कुठल्या बाजूला पडली, माती कसली आहे, गवत किती वाळलं आणि मुख्य म्हणजे खांब. मग जागेचं नाव सांगतात. ते नाव बरोबर असतं. सगळा त्रास तिथंच आहे. एखाद वेळी चुकले असते तर माणूस सहन तरी करू शकला असता.

शेजारच्या गल्लीतले ठाकरे वारले तेव्हा तेरवीला आम्ही दोघं सोबत गेलो. हार घातलेला फोटो टेबलावर ठेवलेला. काकांनी हात जोडले, डोळे मिटले, उघडले आणि फोटोवर वाकले. मी त्यांचा सदरा मागून ओढला. उपयोग झाला नाही.

"वहिनी," ते ठाकरेकाकूंना म्हणाले, "चांगला फोटो आहे. पचमढीचा."

ठाकरेकाकूंनी डोळ्यांना लावलेला पदर बाजूला केला. "पचमढी? हे तर कधी पचमढीले गेलेच नाही."

"गेले होते. मागचा दगड पाहा ना."

त्या घरी मला अजूनही जायची हिंमत होत नाही.

पण काकांचं खरं वेड वेगळंच होतं, आणि ते नागपुरापासून इतकं लांब होतं की सुरुवातीला मला त्यात कसला धोका दिसला नाही. मेक्सिको देशाच्या पश्चिमेला एक लांबलचक वाळवंटी द्वीपकल्प समुद्रात लोंबतं. बाहा कॅलिफोर्निया. मी पहिल्यांदा 'बाजा' म्हटलं तेव्हा काका दुखावले. "ज नाही गा, ह. बाहा." दोन्ही बाजूंना समुद्र, मध्ये वाळवंट, आणि त्यातून वरपासून खालपर्यंत जाणारा एक मोठा रस्ता. लोक त्या रस्त्यानं गाडी घेऊन हिंडतात, फोटो काढतात आणि फोनवरच्या एका गटात टाकून विचारतात, ओळखा, ही जागा कोणती? जगभरातले रिकामे लोक मग ओळखत बसतात. त्यांत आमचे काका पहिल्या रांगेत.

"काहून पण काका? बाहाच काहून?" मी एकदा विचारलं.

"अभ्यासाले सोपं आहे. एक रस्ता, दोन समुद्र. गर्दी नाही."

अभ्यास मात्र आम्हाला करावा लागला. दूध आणायला निघालो की जिन्यात काका. "हे पाय, हे उलट्या गाजरासारखं झाड. सिरिओ. हे सांता रोसालियाच्या खाली सापडतच नाही. एक जरी सापडलं तर मी माझं आडनाव बदलतो." दूध नासायची वेळ यायची. "धुकं दिसलं म्हणजे पश्चिमेचा समुद्र. पाणी तळ्यासारखं गप असलं म्हणजे पूर्वेचा. गोल गोल धोंडे आले की काताविन्या. समजून राहिला ना?" मी मान हलवायचो. मे महिन्यात, वरच्या मजल्यावर, कूलरचं पाणी संपलेलं असताना, त्यांनी मला काताविन्याचे धोंडे पाऊण तास दाखवलेले आहेत. नागपूरच्या उन्हात बसून दुसऱ्याचं वाळवंट बघायचं म्हणजे काय, ते ज्याच्यावर गुदरलं त्यालाच कळेल.

हे सगळंही मी सोसलं असतं. पण श्रावणातल्या एका शनिवारी काकांनी माझ्या संसारात हात घातला.

मी वैशालीला सांगितलं होतं की ऑफिसच्या कामाला अमरावतीला चाललोय. प्रत्यक्षात आम्ही चार मित्र सावनेरच्या दिशेनं सावजी मटण खायला निघालो होतो. वैशाली श्रावण कडक पाळते, तेव्हा खरं सांगण्याचा प्रश्नच नव्हता. वाटेत मला शहाणपण सुचलं. गाडीच्या काचेतून हिरव्यागार शेतांचा एक फोटो काढला आणि तिला पाठवला. खाली लिहिलं, 'अमरावती रोड. तुझी आठवण आली.'

त्याच वेळी झाडेकाका पेपर मागायला आमच्याकडे आलेले. वैशालीनं कौतुकानं फोटो त्यांच्यापुढे धरला.

"वैशाली वं," काका म्हणाले, "ही मागची विजेची लाईन तर मी स्वतः ओढली आहे. खापरखेड्याहून निघते. अमरावती राहिली तिकडे, पाठीमागे."

संध्याकाळी घरी आलो तर ताटात वरण-भात होता. दुसऱ्या दिवशी वरण-भात. श्रावण संपेपर्यंत वरण-भात. मी वर जाऊन काकांना म्हटलं, "काका, तुम्हाला चूप राहता आलं नसतं का?"

त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. "पण अमरावती नव्हतीच गा ते!"

त्या दिवशी मी ठरवलं, या माणसाला एकदा तरी चुकीचा ठरवायचा. खोट्या नावानं मी त्या गटात शिरलो. रोज ऑफिसात डबा खाताना बाहाचे फोटो बघू लागलो. जिन्यातली शिकवणी इतकी मुरलेली होती की महिन्या-दोन महिन्यांत मलाही धोंडे, धुकं, खजुराची झाडं ओळखू यायला लागली. (ही गोष्ट मी वैशालीला सांगितलेली नाही.) काकांची उत्तरं मी एकेक तपासायचो. सगळी बरोबर. चिडचिड व्हायची. दिवाळी गेली, थंडी गेली, पुन्हा ऊन तापायला लागलं. मी चिकाटी सोडली नाही.

आणि मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी ते घडलं. 'वाळवंटातली पाल' असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी फोटो टाकला होता. गोल गोल धोंडे आणि त्यांच्यामधून वर आलेली ती उलटी गाजरं. पोरानंही सांगितलं असतं, काताविन्या. खाली झाडेकाकांचं उत्तर होतं, 'लोरेतो.'

मी तीनदा वाचलं. लोरेतो म्हणजे पार खाली, सांता रोसालियाच्याही पुढे. तिथं हे झाड? आणि आडनाव बदलायची भाषा करणारा माणूस हे लिहितो? याच पालीचे आधीचे चार फोटो मी भराभर काढून पाहिले. तिथंही काकांची उत्तरं चुकलेली. पाच फोटो, पाच चुका. बाकी जगाच्या फोटोंवर एक चूक नाही. माझं लक्ष इतके दिवस या पालीकडे गेलंच नव्हतं.

मी बनियनवरच जिना चढलो.

दार काकांच्या पत्नी मंदाकाकूंनी उघडलं. काका भाजी आणायला गेले होते. मला थांबवेना. "काकू, हे बघा! काका चुकले! पाच वेळा चुकले!"

काकूंनी फोन हातात घेतला. फोटो बघितला आणि हळूच म्हणाल्या, "बस. त्याच्या खालचं उत्तर उघडून पाय."

मी काकांच्या 'लोरेतो'खालची घडी उघडली. वाळवंटातल्या पालीनं उत्तर दिलं होतं, आणि ते मराठीत होतं. 'चूक. हे काताविन्या आहे. लोरेतोला असे धोंडे नाहीत. आम्ही इथं काल तंबू लावला, रात्री फार थंडी पडली. सकाळी एका कोल्ह्यानं पाव पळवला.'

"स्वाती आहे ते," काकू म्हणाल्या. "आमची पोरगी."

काकांची मुलगी अमेरिकेत असते, एवढं मला माहीत होतं. ती मेक्सिकोच्या सीमेजवळ राहते आणि सुट्टी मिळाली की नवऱ्यासोबत गाडी घेऊन त्या रस्त्याला लागते, हे काकूंनी तेव्हा सांगितलं.

"दहा वर्षं झाली. तिले पाहाले पाव्हणे येणार होते, अन् ही दोन दिवसांसाठी मैत्रिणीच्या लग्नाले म्हणून पुण्याले गेली. तिथून फोटो पाठवला. पाव्हणे आधीच येऊन बसले होते. तुझ्या काकांनी सगळ्यायच्या समोर फोटो पाहिला अन् म्हणाले, हे पुणं नाही, हे वर्ध्याचं आहे. वर्ध्याले तिच्या मनातला पोरगा राहत होता. पाव्हणे उठून गेले. लोकायनं नाही नाही ते विचारलं. पोरगी घरी आली, कोणाशी बोलली नाही. मग त्याच्याशीच लग्न केलं. बोलावलं होतं आम्हाले. हे गेले नाही."

"आणि आता?"

"मले फोन करते. यायच्याशी बोलत नाही. हे खोलीत आले का फोन ठेवून देते." काकूंनी पदरानं फोनची काच पुसली. "तीन वर्षांआधी यायले कुठून तरी पोरगी फोटो टाकते तो हा गट सापडला. पहिल्या फोटोवर यायनं बरोबर नाव लिहिलं. तिनं लिहिलं, 'बरोबर.' बस, एक शब्द. दुसऱ्या फोटोवरही तसंच. एक दिवस हे खरंच चुकले. तर तिनं चार ओळी लिहिल्या. कुठं थांबलो, काय खाल्लं, सगळं. तवापासून हे चुकूनच राहिले."

मी न राहवून म्हटलं, "तिला कळत नसेल का हो?"

"तिले नाही कळणार? मले म्हणते, आई, बाबांना हे झाड ओळखू येत नाही, असं होईल का? पण लिहिते." काकूंनी जिन्याकडे पाहिलं. "यायले नको सांगू. यायले वाटते, तिले माहीत नाही."

तेवढ्यात काका आले. घामानं निथळलेले, पिशवीतून सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी डोकावत होती. मला पाहून खूश झाले. "बरं झालं आला. बस." पिशवी ठेवली, कूलरसमोर उभे राहिले आणि सवयीनं फोन काढला. पालीचा नवा फोटो आला होता. तिकडे संध्याकाळ झाली असावी. खजुरांची दाट झाडं, त्यांच्यामागे दगडी चर्च, कुठंही समुद्र नाही. सान इग्नासियो. मला ओळखायला एक क्षण लागला, काकांना तेवढाही लागला नसणार. त्यांचा चेहरा उजळला, आणि मग त्यांनी तो मुद्दाम विचारात पडल्यासारखा केला. फोन माझ्यापुढे धरला.

"मुलेहे वाटते. नाही?"

मुलेहेला नदी आहे, दीपस्तंभ आहे, समुद्र आहे. हे सगळं यांनीच मला जिन्यात उभं करून शिकवलं होतं. काकू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हो काका," मी म्हटलं. "मुलेहेच."

"खजूर दोन्हीकडे असतात. माणसाची चूक होऊ शकते," ते स्वतःशीच म्हणाले आणि एका बोटानं टाइप करून उत्तर पाठवलं. काकूंनी चहा आणला. अर्धा कप संपतो न संपतो तोच फोन वाजला.

काकांनी चष्मा चढवून मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. "'चूक. हे सान इग्नासियो. मुलेहेला समुद्र लागतो, इथं कुठं आहे समुद्र? इथल्या एका आजीनं आम्हाला खजूर दिले, पैसे घेतले नाहीत. गाडीचा एसी बंद पडलाय. आज दिवसभर नुसते भाजून निघालो, डोकं दुखतंय. तिकडे ऊन...'"

ते थांबले. पुन्हा पहिल्यापासून मनात वाचून आले आणि मग शेवटची ओळ हळू म्हणाले. "'तिकडे ऊन किती आहे?'"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. तीन वर्षांत तिनं वडिलांना काही विचारलं नव्हतं.

जगातल्या कुठल्याही फोटोला ज्यांच्याकडे उत्तर होतं ते झाडेकाका फोन हातात धरून नुसते बसून राहिले. अंगठा काचेवर नेला, मागे घेतला. "काय लिहू गा?" त्यांनी मला विचारलं.

"खूप आहे म्हणून सांगा ना."

त्यांनी काहीतरी टाइप केलं, खोडलं, पुन्हा टाइप केलं. बराच वेळ लागला. मी वाकून वाचलं नाही, पण पाठवल्यावर त्यांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि भाजीची पिशवी उचलून आत गेले. काकूंनी तो माझ्यापुढे धरला.

'आहे. तू टोपी घालत जा.'